मोटारीचें कलणें व मागची कांब

आमचें सारें आयुष्य शब्दरूपावली, समास व निबंधाच्या वह्या यांत गेलें. तेव्हां आम्ही मोटारीच्या पोटाखालील एका लोखंडी कांबेवर लेख लिहावयास बसलों आहों हें पाहून आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस हसूं आल्यावांचून राहणार नाहीं. हसूं येऊं द्यावें. परंतु गेल्या हिवाळ्यांत अमेरिकेंत कन्येच्या घरीं चार महिने राहण्याचा योग आला असतां ही कांब आम्हीं स्वतःच्या हातांनीं धरली, तिचें गणित मांडलें, आणि त्या गणिताच्या भरांत एक चूकही केली. ती चूक थोडक्यांत निभावली. ज्या घरांत मोटार आहे आणि तिच्यांत फेरफार करण्याची हौस असलेला मुलगा किंवा जांवईही आहे, अशा घरांत ही हकीकत उपयोगी पडेल असें वाटून ती येथें देत आहों.

आमचे जांवई अनिरुद्धराव हे वॉशिंग्टन राज्यांत, सिॲटल शहराच्या पूर्वेकडील एका उपनगरांत राहतात. नोकरी संगणकाची, हौस मोटारीची. घरांत मोटारी दोन. एक नवी, ती आमच्या कन्येची. दुसरी २००६ सालची, जपानी बनावटीची, पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी. ही दुसरी त्यांनीं विद्यार्थिदशा संपतांच पहिल्या पगारांतून जुनी विकत घेतली होती, व तिच्यावर त्यांचा फार जीव. त्यांची तक्रार एकच होती. वळणावर मोटार जरा वेगानें घातली कीं ती बाहेरच्या अंगास कलते, आणि स्टिअरिंग वळवूनही तिचें तोंड वळणाबाहेर ओढ घेतें. पुढच्या चाकांनीं चालणाऱ्या मोटारींचा हा स्वभावच आहे, कारण इंजिन व गिअर दोन्ही पुढें असल्यामुळें त्यांचें सुमारें साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर असतें.

यावर उपाय म्हणून त्यांनीं मागच्या चाकांसाठीं एक जाड स्वे बार मागविला. तो एके दिवशीं लांबट खोक्यांतून दारांत येऊन पडला. कन्या म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी सांगा ना यांना. गाडी चालली आहे ती तशीच चालूं द्यावी कीं नाहीं?" आम्हीं सांगण्याऐवजीं खोकें उघडलें.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. इंग्रज लोक तिला अँटी-रोल बार म्हणतात, अमेरिकेंत स्वे बार म्हणतात, आणि आपल्याकडील गॅरेजांत स्टॅबिलायझर म्हणतात. आकार चौकटी कंसासारखा. मधला लांब भाग मोटारीच्या रुंदीभर आडवा असून दोन्ही टोकांचे हात एकाच दिशेस वळविलेले असतात. मधला भाग दोन बुशांत बसवून सांगाड्यास जखडलेला असतो. त्या बुशांत तो फिरूं शकतो. हातांचीं टोकें लिंक रॉड नांवाच्या आंखूड दांड्यांनीं डाव्या व उजव्या चाकाच्या आधारास जोडलेलीं असतात. रस्त्यावरील उंचवट्यानें दोन्ही चाकें एकदम वर गेलीं तर कांब बुशांत नुसती फिरते. तिला कांहीं काम नसतें. परंतु वळणावर मोटार कलली म्हणजे बाहेरचें चाक सांगाड्याकडे दाबलें जातें व आंतलें खालीं लोंबतें. एक हात वर, एक हात खालीं, आणि मधल्या भागास धोतर पिळावें तसा पीळ बसतो. तो पीळ उलगडण्याची कांबेची जी धडपड, तीच मोटारीस कलूं न देणारी शक्ति होय.

या युक्तीचें पहिलें पेटंट कॅनडांतील फ्रेडरिक्टन गांवच्या स्टीफन कोलमन यांस १९१९ सालीं मिळालें. परंतु दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या मोटारींच्या स्प्रिंगा मुळांतच कडक असत, त्यामुळें कांबेची गरज फारशी भासली नाहीं. १९५० नंतर बसणाऱ्यांच्या सुखासाठीं स्प्रिंगा मऊ झाल्या, आणि त्याबरोबर ही कांब साध्या मोटारींतही सर्रास दिसूं लागली.

आतां गणित. भरीव कांबेचा पिळास होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चतुर्घाताच्या प्रमाणांत वाढतो. आम्हीं मोजपट्टी लावून पाहिलें. मोटारीची मूळची कांब १६ मिलिमीटर जाडीची, व नवी १९ मिलिमीटर. १६ चा चतुर्घात ६५,५३६ आणि १९ चा १,३०,३२१. म्हणजे जाडी पांचव्या हिश्शाइतकीही वाढली नाहीं, परंतु कडकपणा जवळजवळ दुप्पट झाला! शिवाय नव्या कांबेच्या प्रत्येक हातास दोन दोन भोकें होतीं. हात जितका आंखूड तितकी कांब कडक, व हें प्रमाण लांबीच्या वर्गाच्या व्यस्त असतें. टोकाकडील भोकापर्यंत हात २५० मिलिमीटर भरला, तर वळणाजवळील आंतल्या भोकापर्यंत २२५. आंतलें भोक धरल्यास कडकपणा आणखी पावपटीच्या आसपास वाढणार, म्हणजे एकंदरींत मूळच्या सुमारें अडीचपट होणार.

हा हिशेब आम्हांस फारच आवडला. कागद जांवयांपुढें ठेवून आम्ही म्हणालों, "अनिरुद्धराव, औषध घ्यावयाचें तर पुरी मात्रा घ्यावी. आंतलें भोक धरा."

"पण बाबा, पुस्तिकेंत आधीं बाहेरच्या भोकापासून सुरुवात करा असें लिहिलें आहे."

"पुस्तिका भित्र्या लोकांसाठीं असते," असें आम्ही बोलून गेलों. ज्या मास्तरानें अडतीस वर्षें मुलांस प्रश्नपत्रिकेवरील सूचना आधीं वाचावयास लावल्या, त्याच्याच तोंडून हें वाक्य निघालें. जांवयांनीं वडीलकीचा मान राखला आणि आंतलें भोक धरलें.

कांब बसविण्याचें काम मात्र त्यांनीं अत्यंत शिस्तीनें केलें, आणि त्याचा क्रम सांगण्यासारखा आहे. आदल्या रात्रीं सर्व गंजक्या नटांवर पातळ तेल सोडून ठेवलें. सकाळीं मोटार सपाट फरशीवर घेऊन पुढच्या चाकांस पाचरी लावल्या. हातब्रेक मागच्या चाकांसच धरतो, व तींच चाकें उचलावयाचीं असल्यामुळें पाचरीवांचून मोटार पुढें सरकूं शकते. मग मागची बाजू जॅकनें उचलून दोन्ही अंगांस समान उंचीच्या स्टँडांवर टेकविली. नुसत्या जॅकवर तोललेल्या मोटारीखालीं कोणींही कधींही शिरूं नये. या एका नियमास अपवाद नाहीं. दोन्ही चाकें सारखीं लोंबलीं पाहिजेत. एक वर व एक खालीं राहिल्यास जुन्या कांबेंत पीळ असतो, आणि बोल्ट सुटतांच ती उसळून हातावर बसते.

लिंक रॉडचा नट सोडवूं लागलों तों आंतला खिळाच नटाबरोबर फिरूं लागला. त्याच्या टोकास षट्कोनी खांच असते. तींत किल्ली घालून खिळा धरावयाचा व पान्यानें नट फिरवावयाचा. नंतर बुशांच्या पट्ट्यांचे बोल्ट काढले, सायलेन्सर ज्या रबरी कड्यांवर टांगलेला असतो त्यांतील दोन कडीं सोडून तो दोरीनें अडकवून ठेवला, आणि जुनी कांब एका बाजूनें अलगद ओढून घेतली. आमची सहा वर्षांची नात विजेरी धरून बसली होती. जुनी कांब पाहून ती म्हणाली, "हिचं काय चुकलं होतं?" त्या वेळीं आम्ही हंसलों.

नव्या कांबेबरोबर पॉलियुरेथेनचे बुश आले होते. हे रबराहून टणक असतात, व कोरडे बसविल्यास खड्ड्याखड्ड्यावर कुरकुरतात. म्हणून त्यांच्या आंतून सिलिकोनचें वंगण भरपूर चोपडलें. बोल्ट आधीं बोटांनींच आटे धरेपर्यंत फिरविले. पान्यानें सुरुवात केली तर वांकडा बसलेला आटा मरतो. कांब मधोमध आहे कीं नाहीं हें दोन्ही बाजूंस दोरी लावून मोजलें. पट्ट्या आवळल्यावर लिंक रॉड जोडण्यापूर्वीं कांब हातानें फिरवून पाहिली. ती बुशांत सहज फिरली पाहिजे. अडकली तर प्रत्येक धक्क्यास ती उगाच स्प्रिंगेसारखी वागते. दोन्ही बाजूंस एकच भोक धरून लिंक रॉड जोडले. शेवटचें आवळणें चाकांवर वजन आल्यावर, टॉर्क पान्यानें, मोटारीच्या दुरुस्तिपुस्तकांत दिलेल्या आंकड्याप्रमाणें केलें. मोटार सपाट जागीं असून चालविणारा आसनावर बसलेला असतां लिंक रॉड जोर न लावतां भोकांत गेला पाहिजे. जोर लावावा लागला तर कांबेंत आधींचाच पीळ आहे असें समजावें, व मोटार डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरें असें वागूं लागते. अखेरीस ब्रेकची नळी व सायलेन्सर कांबेस कोठें घासत नाहींत ना, हें पाहिलें. दोन तासांचें म्हणून सांगितलेलें काम सकाळीं नऊस सुरू होऊन दुपारीं दोनला आटोपलें.

पुढचे पंधरा दिवस आनंदांत गेले. मोटार वळणावर ताठ राहूं लागली, स्टिअरिंग फिरवितांच तोंड वळूं लागलें. खड्ड्यांत एक चाक गेलें तर त्याचा धक्का दुसऱ्या बाजूस थोडा अधिक जाणवे, कारण कांब दोन्हीं चाकांस एकमेकांशीं बांधते. परंतु तें कोण मनावर घेतो? आम्ही मनांतल्या मनांत चतुर्घाताचे आभार मानीत होतों.

नोव्हेंबरांतील एका रविवारीं नातीस पहिलें बर्फ दाखवावें म्हणून आम्ही तिघे याच मोटारीनें स्नोक्वाल्मी खिंडींत गेलों. समुद्रसपाटीपासून ३,०१५ फूट उंचीची ही खिंड कॅस्केड पर्वतांतून जाणाऱ्या राजमार्गावर आहे. वर बर्फ होतें, खालीं उतरतांना पाऊस लागला. घराजवळ राजमार्ग सोडून उतरणारा वळणदार फाटा घेतला. फलकावर ताशीं तीस मैलांची सूचना होती, आणि आम्ही चाळिशींत होतों. वळणाच्या मध्यावर अनिरुद्धरावांच्या तें ध्यानांत आलें व त्यांनीं पेट्रोलवरचा पाय एकदम काढून घेतला. त्याच क्षणीं मोटारीची मागची बाजू बाहेरच्या अंगास घसरली. झाडें, कठडा, दिवे हीं सर्व आमच्या डोळ्यांसमोरून आडवीं फिरलीं, आणि मोटार अर्धी गिरकी घेऊन बाजूच्या गवतांत, आलों त्या दिशेस तोंड करून उभी राहिली. मागून कोणी येत नव्हतें. कोणास खरचटलेंही नाहीं. मागच्या आसनावरून प्रश्न आला, "आजोबा, आपण परत बर्फाकडे चाललों का?" त्या प्रश्नास उत्तर देण्याइतका आवाज आमच्या गळ्यांत नव्हता.

जांवयांचे हात थरथरत होते. ते म्हणाले, "चूक माझी बाबा. वेग जास्त होता, आणि पाय असा काढायला नको होता." तें खरें होतें. परंतु आंतलें भोक कोणी धरावयास लावलें, हेंही तितकेंच खरें होतें. घरीं पोहोंचल्यावर कोणीं कांहीं बोलण्यापूर्वीं आम्हींच कन्येस सर्व सांगितलें, पुस्तिकेवरील आमच्या उद्गारासकट. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गाडी विका असं मी म्हणत नाहीं. पण ती नीट झाली असं मला पटेपर्यंत माझी मुलगी तींत बसणार नाहीं. आणि बाबा, तुम्हीही नाहीं."

त्या रात्रीं आम्हीं पुन्हां कागद घेतला. गणित चुकलें नव्हतें. कांब करते काय, हेंच आम्हीं नीट विचारलें नव्हतें. पुष्कळांची अशी समजूत असते कीं जाड कांबेनें मोटारीची रस्त्यावरील पकड वाढते. वस्तुस्थिति निराळी आहे. वळणावर आंतल्या चाकांवरचा किती भार बाहेरच्या चाकांवर जाणार, हें मोटारीचें वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील रुंदी आणि वळणाचा जोर यांवर ठरतें. कांब तो भार कमी करीत नाहीं. पुढच्या जोडीनें त्यांतील किती सोसावा व मागच्या जोडीनें किती, एवढी वांटणी मात्र ती बदलते. आतां टायराचा गुण असा कीं त्यावरील भार दुप्पट केला तर त्याची पकड दुपटीहून कमीच वाढते. म्हणून ज्या जोडींत एका चाकावर फार व दुसऱ्यावर थोडा भार पडतो, त्या जोडीची एकंदर पकड घटते. मागची कांब कडक केली कीं मागची जोडी अधिक वांटा उचलते व तिची पकड कमी होते. पुढच्या जोडीचें ओझें तितकें हलकें होऊन तिची पकड वाढते, आणि मोटारीचें तोंड वळूं लागतें. पुढच्यास जें मिळालें तें मागच्याकडून काढून घेतलेलें होतें. त्यांत पावसानें रस्ता निसरडा झाला, आणि पाय काढतांच मोटारीचा भार पुढें झुकून मागचीं चाकें आणखी हलकीं झालीं. मग मागच्यापाशीं शिल्लक काय राहणार?

दुसऱ्या दिवशीं टायर तपासले तेव्हां आणखी एक दोष सांपडला. दोन महिन्यांपूर्वीं दोनच नवे टायर घेऊन ते पुढें लावले होते. त्यांच्या खांचा सात मिलिमीटर खोल होत्या, आणि मागच्या जुन्यांच्या जेमतेम तीन. कायद्यानें ते बाद नव्हते, परंतु पाणी बाहेर फेंकण्याची शक्ति त्यांच्यांत फारशी उरली नव्हती. दोनच टायर नवे घ्यावयाचे तर ते मागें लावावे, मग मोटार पुढच्या चाकांवर चालणारी असो वा मागच्या, हा टायरवाल्यांचा नियम याचसाठीं आहे.

न्यायशास्त्रांत कारण ठरविण्याची अन्वय-व्यतिरेक नांवाची रीत आहे: एक गोष्ट असतां काय होतें व ती नसतां काय होतें, हें पाहावें, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. आतां आम्हीं तीच रीत धरली. एका कचेरीच्या विस्तीर्ण गाडीतळाची रविवारपुरती परवानगी काढली. नातीचे प्लास्टिकचे पेले मांडून सुमारें वीस मीटर त्रिज्येचें वर्तुळ आंखलें. टायरांतील हवा, ते थंड असतां, दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीप्रमाणें भरली. वर्तुळावर मोटार हळूहळू वेग वाढवीत फिरवावयाची व कोणती बाजू आधीं बाहेर जाते तें पाहावयाचें, आणि नंतर त्याच वेगांत पाय अलगद सैल करून मागची बाजू काय करते तें पाहावयाचें, अशी परीक्षा ठरली. पाऊस तर रोजचाच होता. वही आमच्या हातीं, छत्रीखालीं.

पहिल्या रविवारीं मागें दोन नवे टायर घातले, भोक मात्र आंतलेंच ठेवलें. ताशीं वीस-बावीस मैलांपर्यंत सर्व ठीक होतें. त्यापुढें पाय सैल करतांच मागची बाजू अजूनही बाहेर सरके, परंतु पूर्वींसारखी एकदम नव्हे. दुसऱ्या रविवारीं दोन्ही बाजूंस बाहेरचें भोक धरलें, बाकी सारें तेंच. आतां वेग वाढवितां पुढची बाजू आधीं जराशी बाहेर जाई व चालविणाऱ्यास इशारा मिळे. पाय सैल केला कीं तोंड आंत येई आणि मागची बाजू निमूट मागोमाग चाले. मूळची कांब होती त्याहून मोटार ताठ होती, आणि तरी आज्ञेंत होती.

यावरून जे नियम निघतात ते थोडक्यांत असे. कांबेस हात लावण्यापूर्वीं टायर, त्यांतील हवा व चाकांची दिशा तपासावी. निम्म्या तक्रारी तेथेंच मिटतात. नेहमीं सर्वांत मऊ भोकापासून सुरुवात करावी. तोंड बाहेर ओढत असेल तरच एक भोक कडक करावें. मागची बाजू सुटत असेल तर लगेच मऊ करावें, आणि मऊ भोकावरही ती सुटत असेल तर ती कांब त्या मोटारीस जाड आहे असें समजून जुनी परत घालावी. कोरड्या रस्त्यावर पसंत पडलेली मांडणी पावसांत पाहिल्यावांचून कायम करूं नये. शंभरएक मैलांनंतर सर्व बोल्ट पुन्हां टॉर्क पान्यानें तपासावे. आणि कधीं मागची बाजू घसरलीच, तर ब्रेक न दाबतां जेथें जावयाचें तिकडे नजर ठेवून स्टिअरिंग त्या बाजूस द्यावें. पुढच्या चाकांनीं चालणारी मोटार थोड्या पेट्रोलानें सांवरते.

अलीकडच्या मोटारींत घसरणारें चाक ओळखून एकेका चाकास ब्रेक लावणारी विजेची यंत्रणा असते. १९९७ सालीं स्वीडनमध्यें मर्सिडीजची ए-क्लास मोटार चुकवाचुकवीच्या परीक्षेंत उलटली, तेव्हां कंपनीनें तिची बैठक सुधारून ही यंत्रणाही बसविली. अमेरिकेंत २०१२ च्या बनावटीपासून ती सर्व लहान मोटारींस सक्तीची आहे. आमच्या जांवयांची २००६ ची मोटार तिच्याविना होती. ज्यांच्या मोटारींत ती आहे त्यांनीं कांब बदलल्यावर ती बंद ठेवूं नये. आपल्याकडील पुष्कळ लहान मोटारींत मागें स्वतंत्र चाकांऐवजीं पिळणारा आंस असतो, तेथें कांब बसविण्याची रीत वेगळी आहे. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ याचें कलम ५२ मोटारींतील फेरफारांस मर्यादा घालतें. तेव्हां कांब मागविण्यापूर्वीं जाणत्या कारागिरास व विमा कंपनीस विचारून घ्यावें.

तिसऱ्या रविवारीं कन्या स्वतः गाडीतळावर आली. तिनें आधीं आमची वही मागून घेऊन पहिल्या पानापासून वाचली. मग आम्हां दोघांस पावसांत उभें करून ती एकटीच मोटारींत बसली, आणि पेल्यांभोवतीं सात-आठ फेऱ्या घातल्या. दोनदां पाय सैल करून पाहिला. उतरल्यावर ती जांवयांस एवढेंच म्हणाली, "फलकावर तीस लिहिलं असेल तर तीस." त्यांनीं मान डोलाविली. परततांना तिनें मुलीस मागच्या आसनावर बसवून पट्टा लावला, आणि पुढचें दार आमच्यासाठीं उघडलें.

जुनी सोळा मिलिमीटरची कांब जांवयांनीं वर्तमानपत्रांत गुंडाळून गॅरेजांतील फळीवर ठेवली आहे. ती टाकूं नका असें आम्ही निघतांना सांगून आलों आहों.